नव्या सीएने क्लायंट आणावेत, ही अपेक्षा छोट्या फर्मने कशी ठरवावी

दोन पार्टनर, सात-आठ आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलं) आणि नुकताच पास झालेला एखादा सीए. अशा फर्ममध्ये मुलाखतीतच प्रश्न येतो, "ओळखीपाळखीतून किती कामं आणशील?" फर्म कामावर चालते, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते पुढे, "सहा महिन्यांत दहा क्लायंट" असा आकडा ठरला की. म्हणून आकडा ठरवण्याआधी कागद-पेन घ्या.

समजा पगार महिना ३५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,२०,०००. नव्या माणसाच्या ओळखीतून येणारा क्लायंट बहुधा छोटा व्यापारी असतो. हिशेब आणि जीएसटी मिळून त्याची फी महिना १,५०० धरली, तर वर्षाला १८,००० होतात. नुसता पगार निघायला असे २४ क्लायंट लागतील. आता वेळ मोजा. बिलं गोळा करणं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी, २बीशी (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या बिलांच्या यादीशी) जुळवणी, ११ तारखेचा जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० तारखेचा ३बी (कर भरण्याचं रिटर्न), मध्ये चार फोन: एका क्लायंटला महिन्याचे चार तास सहज जातात. २४ क्लायंटचे झाले ९६ तास. आठ तासांचे पंचवीस दिवस धरले तर महिन्याच्या २०० तासांतला निम्मा वेळ इथेच गेला. ज्या ऑडिटसाठी त्याला घेतलं, त्याला जायचं कोणी? तिमाही रिटर्नच्या योजनेतला क्लायंट असेल तर वेळ कमी लागतो, पण फीही तितकीच कमी येते.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती जास्त गंभीर आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीत, भाग १ च्या कलम ६ प्रमाणे पत्रक, जाहिरात, वैयक्तिक संपर्क किंवा भेट अशा कोणत्याही मार्गाने, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, काम मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. टार्गेटच्या दडपणाखाली नवा मुलगा नेमकं तेच करतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "रिटर्न ५०० रुपयांत" असं टाकतो, किंवा बाजारपेठेत दुकानोदुकानी कार्ड वाटतो. तक्रार झाली तर त्याचं सदस्यत्व अडचणीत येतं आणि फर्मच्या नावाने केलं असेल तर पार्टनरलाही उत्तर द्यावं लागतं. जाहिरात आणि संकेतस्थळाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं सीएंची संस्था (आयसीएआय) वेळोवेळी बदलते. चालू प्रत छापून, रुजू होण्याच्या दिवशीच त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून वाचून घ्या.

मग अपेक्षा ठेवायची ती कशाची? पहिले सहा महिने, नवीन काम आणण्याची काहीच नको. त्या काळात तुमच्याच जुन्या क्लायंटपैकी पंधरा जण त्याच्या नावावर करा. प्रत्येकाकडे पार्टनरने स्वतः एकदा बरोबर जाऊन सांगावं, "यापुढे पहिला फोन यांना करा." सहा महिन्यांनी तीन गोष्टी बघा: पंधरापैकी किती जण थेट त्यालाच फोन करतात, किती रिटर्न मुदतीच्या तीन दिवस आधी तयार असतात, आणि या लोकांकडून किती विचारणा आल्या. छोट्या गावात काम येतं ते या तिसऱ्या वाटेने. ती वाट चुकते कशी, हे एकदा जवळून पाहा.

हार्डवेअरचे दुकानदार रिटर्नची प्रत न्यायला आलेत. जाता जाता म्हणतात, "मेहुण्याला जीएसटीची नोटीस आलीय, बघाल का?" नवा मुलगा मान वर न करता "हो, पाठवून द्या" म्हणतो. मेहुणा कधीच येत नाही. त्याऐवजी त्याने उठून विचारायला हवं, "काका, नोटिशीवर फॉर्म कुठला लिहिलाय, उत्तराची तारीख काय आहे? एएसएमटी-१०, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीची नोटीस असेल तर उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवस असतात, मधले किती गेले बघायला हवं. त्यांना ऑफिसचा नंबर द्या, त्यांचा फोन आला की सरांची वेळ घेऊन ठेवतो." फोन मेहुण्यानेच करायचा, आपण नाही. म्हणजे मागणी त्यांच्याकडून येते आणि कलम ६ चा प्रश्नच उरत नाही.

अशी प्रत्येक विचारणा त्याच संध्याकाळी एका वहीत उतरवायची. तारीख, कोणी पाठवलं, काम काय, आधीचा सीए कोण, फी किती सांगितली, शेवटी काय झालं, एवढे रकाने पुरतात. काम आलं नाही तर कारण लिहायचंच. तीन महिन्यांनी वही उघडली की "फी जास्त वाटली" आणि "आपण फोन परत केला नाही" यातलं जास्त वेळा काय झालं ते दिसतं. बहुतेक फर्ममध्ये दुसरंच निघतं.

आलेलं काम घ्यायचं की नाही, हे नव्या माणसाने एकट्याने ठरवू नये. आधी जीएसटीच्या पोर्टलवर क्लायंटचा जीएसटी नंबर टाकून रिटर्न भरल्याच्या तारखा बघाव्यात. ही माहिती लॉगिनशिवाय दिसते. "आधीचे सीए फार फी घेतात" म्हणत आलेल्याचे चौदा महिन्यांचे रिटर्न थकलेले असतात, हा नेहमीचा प्रकार आहे. मग मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, एआयएस (आयकर खात्याकडे असलेली त्याच्या व्यवहारांची वार्षिक माहिती) आणि आलेल्या नोटिसा मागाव्यात. ऑडिटचं काम असेल तर त्याच अनुसूचीच्या भाग १ मधल्या कलम ८ प्रमाणे आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि पत्र पोचल्याचा पुरावा फाइलला हवा. त्यांची निर्विवाद ऑडिट फी थकली असेल तर संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, आजारी उद्योगाचा अपवाद सोडला तर, काम स्वीकारताच येत नाही.

फीचा किमान दर लिहिलेला तक्ता नव्या माणसाला द्या. याचं मोठं कारण नातेवाईक. त्याने आणलेले पहिले तीन-चार क्लायंट काका, मावसभाऊ, शेजारी असेच असतात. "घरचंच काम आहे" म्हणून फी अर्धी होते, तीही दिवाळीनंतर मिळते आणि त्याला मागताना जीभ रेटत नाही. तक्ता असला की तो सांगू शकतो, "दर ऑफिसचा आहे, माझा नाही." बिल ऑफिसने पाठवावं, वसुलीचा फोनही ऑफिसनेच करावा.

मोबदल्याच्या बाबतीत नेमकं राहा. त्याच भागातल्या कलम २ प्रमाणे फीतला हिस्सा किंवा कमिशन आयसीएआयच्या सदस्याला किंवा नियमात सांगितलेल्या इतर काही व्यावसायिकांना देता येतं, बाकी बाहेरच्या माणसाला नाही. सीए झालेल्याला टक्का देता येईल. पण ऑफिसमधल्या बी.कॉम. अकाउंटंटला, बँकेतल्या ओळखीच्याला किंवा कर्जाच्या एजंटला "एका फाइलमागे दहा टक्के" देणं गैरवर्तन ठरतं. अकाउंटंटला चांगल्या कामाची पगारवाढ द्या, ती कोणत्याही फाइलच्या फीशी बांधू नका.

महाराष्ट्रात नव्या सीएला स्वतःच्या बळावर उभं राहण्याची एक चांगली वाट आहे, सहकारी संस्थांचं ऑडिट. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ मध्ये पॅनेलवरच्या, म्हणजे सरकारमान्य यादीतल्या, ऑडिटरची तरतूद आहे. सीएला संस्थांच्या ऑडिटचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं. पहिल्या वर्षी त्याला तुमच्या गृहनिर्माण संस्थांच्या ऑडिटवर बसवा: सभासदांकडची येणी, सिंकिंग फंड, इतिवृत्त, सगळं त्यालाच तपासू द्या. संस्था ऑडिटर नेमते ती सर्वसाधारण सभेत. तिथे प्रश्नांना मराठीत सरळ उत्तरं देणारा माणूस शेजारच्या संस्थेलाही आठवतो.

आणि तो सोडून जाईल तेव्हा? "दोन वर्षं या तालुक्यात प्रॅक्टिस करणार नाही" असं नेमणूकपत्रात लिहून घेण्याचा फारसा उपयोग नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ खाली व्यवसायबंदीचा असा करार रद्दबातल असतो. खरं नुकसान दुसरीकडे होतं. जीएसटी नोंदणी करताना घाईत क्लायंटच्या जागी आपल्याच माणसाचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. तो गेल्यावर २० तारखेला ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही त्याला विनवण्या करत बसता. त्यामुळे नोंदणी करतानाच नंबर आणि ईमेल क्लायंटचाच टाकण्याचा नियम करा, जुन्या नोंदी शोधून बदलून घ्या. डिजिटल सहीचे टोकन क्लायंटला परत द्या किंवा पावती घेऊन कुलपात ठेवा. त्याने नोकरी सोडण्याची नोटीस दिल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पोर्टलचे सगळे पासवर्ड बदला आणि पार्टनरने त्या पंधराही क्लायंटकडे पुढच्या माणसाला घेऊन स्वतः जावं, जाणाऱ्यालाही बरोबर घेऊन.