रस्ता व्हायच्या आधीचं खोदकाम: इंग्लंडच्या ए14 वर मी काय शिकले

आर्किऑलॉजीत एमए करणाऱ्या मुलामुलींचे मला सारखे मेसेज येतात, ताई इंग्लंडमध्ये फील्डवर काम मिळतं का. मिळतं. पण ते बहुतेक युनिव्हर्सिटीच्या उत्खननात नसतं, रस्ते रेल्वे घरं बांधायच्या आधी जी खोदकामं होतात त्यात असतं, कारण तिकडे 1990 पासून धोरणच असं आहे की जो जमीन उकरणार त्यानेच आधी तिथलं पुरातत्त्व तपासून नोंदवून घ्यायचा खर्च करायचा. मी 2017 ला नवऱ्याच्या नोकरीमुळे केंब्रिजला गेले, डिपेंडंट व्हिसावर काम करता येत होतं, आणि तेव्हा केंब्रिज ते हंटिंग्डन ए14 रस्त्याचं 21 मैलांचं काम चालू होतं, ऐन भरात तिथे 250 च्या आसपास आर्किऑलॉजिस्ट होते, म्हणजे मी पुण्यात आयुष्यात भेटले नसतील तेवढे एका चिखलात. (व्हिसाचे नियम सारखे बदलतात, ते सरकारी साइटवरच बघा, माझ्या अनुभवावर जाऊ नका.) साइटवर जायला सीएससीएस कार्ड, म्हणजे बांधकामाच्या साइटवर काम करायचं कार्ड लागतं, त्यासाठी सेफ्टीची परीक्षा असते, सोपी आहे, पण अभ्यास करून द्या.

आता मुख्य गोष्ट. आपण इथे शिकतो ते मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या पद्धतीचं, चौकोनी ट्रेंच, मधे बांध ठेवायचे आणि थर मोजत खाली जायचं. तिकडे पहिल्या दिवशी बघितलं तर अख्खं शेत उघडं. आधी मॅग्नेटोमीटरने, म्हणजे जमिनीतले चुंबकीय फरक टिपणाऱ्या यंत्राने सर्व्हे, मग चाचणीचे लांब ट्रेंच, आणि मग जेसीबीसारखं मशीन बिनदाताच्या बकेटने वरची माती हळूहळू सोलत जातं आणि तुम्ही समोर उभं राहून खाली बघायचं, माती जिथे रंग बदलेल तिथे हात वर करून मशीन थांबवायचं. भिंत नाही, मूर्ती नाही, पिवळट मातीत नुसता एक करडा पट्टा, आणि तो पट्टा म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी शेताचा चर. मला पहिले दोन आठवडे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की माती सुकू देऊ नकोस, पाणी फवारून बघ, ओल्या मातीचे रंग उठून दिसतात. डोळा असाच तयार होतो, पुस्तकाने नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. एक चर खोदत होते, तो गाळाने भरल्यावर लोकांनी परत उपसला होता, आपल्याकडे नाला उपसतात तसा, म्हणजे एका चरात दोन चर, जुन्याच्या पोटात नवा. मला ती कड कळली नाही आणि दोन्हीतली खापरं एकाच पिशवीत गेली. सुपरवायझरने सेक्शन, म्हणजे चराचा उभा छेद बघितला आणि शांतपणे कड दाखवली, पण तोवर त्या पिशवीचा काही उपयोग राहिला नव्हता, कुठलं खापर कुठल्या काळातलं ते आता कोणीच सांगू शकणार नाही. तिथे परत येऊन तपासू असं नसतं, तुमच्या मागून डांबर येतंय. म्हणून कॉन्टेक्स्ट शीट, म्हणजे प्रत्येक थराच्या आणि चराच्या नोंदीचा कागद भरताना रंग, पोत, कुठला चर कुठल्या थराला कापून गेलाय, सगळं त्याच वेळी लिहा, चहाच्या सुट्टीनंतर लिहीन म्हणू नका.

लोक विचारतात सोनं सापडलं का. ए14 वर लेलियानस नावाच्या रोमन बंडखोर सम्राटाचं दुर्मिळ नाणं सापडलं, तो 269 मध्ये जेमतेम दोन-तीन महिने गादीवर होता, बातम्या त्याच्याच झाल्या. मला स्वतःला जास्त भावली ती बिअर. आम्ही मातीचे नमुने बादल्या भरभरून उचलायचो, कंटाळवाणं आणि पाठ मोडणारं काम, ती माती पाण्यात धुऊन तरंगणारे जळके कण वेगळे करतात, आणि त्याच कणांमध्ये मायक्रोस्कोपखाली बिअर बनवल्याच्या खुणा मिळाल्या, इसवी सनपूर्व 400 च्या आसपासच्या, ब्रिटनमधल्या कदाचित सगळ्यात जुन्या. 2019 ला ती बातमी वाचली तेव्हा मी अक्षरशः रडले. माझ्या बादलीतलेच कण होते असं मी म्हणत नाही, पण कुणीतरी थंडीत कुरकुर न करता ती बादली भरून नीट लेबल लावलं होतं म्हणूनच ते कळलं. त्यामुळे नमुन्याच्या कामाला कमी लेखू नका, कोणी घेत नसेल तर तुम्ही मागून घ्या.

सामानाचं थोडक्यात. हिवाळ्यात दोन जोड हातमोजे, एक ओला असतोच. गुडघ्यांचे पॅड चांगले घ्या, तिथे पैसे वाचवू नका. थापी चार इंची. आणि 6एच पेन्सिल, बॉलपेन नाही, कारण ड्रॉइंग फिल्मवर, म्हणजे आराखडे काढायच्या प्लास्टिकच्या कागदावर, भर पावसातही पेन्सिलीचं लिहिलेलं राहतं, शाईचं वाहून जातं.