ट्रेलरची सुटलेली पन्हळ बसवायच्या आधीची तयारी

राहायच्या ट्रेलरच्या छताच्या कडेची पन्हळ लोंबतेय म्हणून लगेच सीलंटची (फटी बुजवायच्या लेपाची) ट्यूब घेऊन शिडी लावू नका, आधी आत जा. वरची कपाटं रिकामी करा आणि छताच्या कडेने, कोपऱ्यांत, खिडक्यांच्या वर अंगठ्याने दाबत फिरा, जिथे भिंत पोचट लागेल किंवा तपकिरी डाग दिसेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून ठेवा, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडेच. मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) मिळाला तर फार बरं, लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा आला तर सील करायचं नाही म्हणजे नाही, ओल आत कोंडली की लाकूड कुजतच राहतं. मी घाई केली होती, वरून सगळं छान दिसायचं, पुढे एक स्क्रू नुसत्या बोटांनी बाहेर आला आणि त्याच्या आट्यांत ओला काळा भुसा अडकलेला. त्यामुळे पंखा किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आणि सलग कोरडे दिवस, हे सामानाच्याही आधी.

मग सामान. ब्यूटाइल टेप (पन्हळीखाली लावायची मऊ, चिकट रबरी पट्टी), स्टेनलेस स्क्रू (जुन्यापेक्षा थोडे लांब, पण आत कुठे वायर नाही ना हे बघून), प्लास्टिकचा स्क्रॅपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भरपूर चिंध्या. सीलंट दोन प्रकारचं लागतं, सपाट छतावर आपोआप पसरणारं आणि उभ्या भागावर न ओघळणारं. साधं सिलिकॉन नकोच, नंतर त्याच्यावर दुसरं काही धरत नाही. रबरी छत असेल तर पेट्रोल, थिनर लांब ठेवा, रबर फुगतं.

जुनं सीलंट खरवडणं हेच खरं काम, अर्धा दिवस त्यालाच धरा. छतावर गुडघ्याखाली प्लायवूडची फळी, बुरशी उघडी पडली तर मास्क, आणि स्क्रू काढायच्या आधी बाहेरची वीज आणि बॅटरी दोन्ही बंद. पन्हळीच्या टोकाच्या तोट्याही बघा, तडकल्या असतील तर नव्या आणा, नाहीतर सगळं पाणी भिंतीवरूनच ओघळणार.

एक माणूस आधीच सांगून ठेवा. सीलंट पूर्ण वाळल्यावर तुम्ही बाहेरून होसने खालून वर सावकाश पाणी सोडायचं आणि त्याने आत टॉर्च घेऊन त्या टेप लावलेल्या जागा एकेक करून बघायच्या.