डूम खेळताना या चुका टाळा: गेम नवा, हात जुनाच

डूम म्हणजे राक्षसांना गोळ्या घालायच्या व्हिडिओ गेमची मालिका. तिच्यातला २०१६ चा डूम संपवल्यावर मी मोठ्या ऐटीत त्याचा पुढचा भाग, डूम इटर्नल, सुरू केला आणि पहिल्याच मोठ्या मारामारीत शॉटगन रिकामी. इटर्नलमध्ये सुरुवातीला शॉटगनची काडतुसं मिळतात जेमतेम १६. आधीच्या गेममध्ये काहीच उरलं नाही तर निदान न संपणारं पिस्तूल असायचं, इथे तेही काढून टाकलंय. दोन संध्याकाळी मरून मरून वैताग आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की गेम अवघड नव्हता, मी जुनाच गेम खेळत होतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे चेनसॉ (इंधनावर चालणारी करवत) जपून ठेवणं. २०१६ मध्ये तिचं इंधन शोधून आणावं लागायचं, म्हणून ती मोठ्या राक्षसासाठी राखून ठेवायची सवय लागते. इटर्नलमध्ये इंधनाचा पहिला ठोकळा आपोआप भरतो आणि किरकोळ राक्षस कापायला तेवढाच पुरतो. कापला की गोळ्यांचा पाऊस! तेव्हा ठोकळा भरलेला दिसला आणि गोळ्या उतरणीला लागल्या की कापा.

याचीच जुळी बहीण म्हणजे आधी सगळे चिल्लर झॉम्बी साफ करणं. करू नका. ते शत्रू कमी आणि तुमचं कोठार जास्त. चेनसॉने गोळ्या, ग्लोरी किलने (अर्धमेल्या राक्षसाला जवळ जाऊन हातांनी संपवणं) जीव, खांद्यावरच्या फ्लेम बेल्चने, म्हणजे आग ओकणाऱ्या यंत्राने, पेटवून मारलं तर चिलखत. मोठे राक्षस जिवंत असेपर्यंत हे चिल्लर बहुधा येतच राहतात.

एकच लाडकी बंदूक धरून बसणंही इथे चालत नाही. कॅकोडेमन हा उडता राक्षस तोंड उघडतो तेव्हा आत ग्रेनेड टाका. तो गिळतो, गटांगळ्या खातो आणि थेट ग्लोरी किलला तयार. तेच काम सुपर शॉटगनने करायला गेलात तर काडतुसं उगाच जातात. कोळ्यासारख्या अरॅक्नोट्रॉनची पाठीवरची तोफ आधी उडवा, मग तो निम्मा मेलाच.

इटर्नलमधल्या मरॉडर या ढालवाल्या शत्रूबद्दल लोक जेवढ्या शिव्या घालतात तेवढा तो वाईट नाही. चूक एवढीच की आपण त्याला पाहून एक तर पळतो, नाहीतर ढालीवर गोळ्या ओततो. लांब गेलात की तो कुऱ्हाडीची लाट फेकतो, अगदी चिकटलात की शॉटगन हाणतो. मधल्या अंतरावर थांबा, डोळे हिरवे चमकले की झाडा. (मला हे जमायला किती दिवस लागले ते सांगत नाही.)

आता उलट्या दिशेची गोष्ट. नव्यावरून १९९३ च्या मूळ डूमकडे गेलेले लोक उडीचं बटण शोधत बसतात. उडीच नाही! फटी पळत सुटून ओलांडायच्या. वर कठड्यावर उभ्या इम्पकडे (आगीचे गोळे फेकणारा राक्षस) नेमही धरायचा नसतो. आडव्या रेषेत त्याच्यासमोर या, उंचीचं गेम बघून घेतो. इम्पचा अग्निगोळा चुकवता येतो, पण बंदूकवाल्या झॉम्बींची गोळी सुटली की लागलीच समजा, म्हणून त्यांना आधी टिपा. आणि दोन जातींचे राक्षस एका ओळीत आले तर मध्ये नाचून बाजूला सरका. एकाचा मार दुसऱ्याला लागला की ते आपापसात जुंपतात आणि तुमच्या गोळ्या वाचतात.

२००४ च्या डूम ३ मध्ये धावत सुटलात की संपलात. तिथे टॉर्च धरली की बंदूक नाही, बंदूक धरली की अंधार. दारात थांबून कोपरे उजळून बघा, मग हत्यार काढा. २०१२ च्या बीएफजी आवृत्तीत टॉर्च चिलखतावर बसवली आहे. खेळ सोपा झाला, पण माझ्या मते त्यातली भीतीही तिथेच गेली.

२०२५ च्या द डार्क एजेसमध्ये इटर्नलवाल्यांचा अंगठा सारखा डॅशकडे, म्हणजे झटक्यात सरकायच्या बटणाकडे, जातो. डॅश नाही, दुहेरी उडीही नाही. ढाल आहे. हिरव्या रंगाचा मारा येताना दिसला की बाजूला सरू नका, त्याच्या अंगावर जाऊन पॅरी करा, म्हणजे ऐन वेळी ढालीने तो परतवा. वेळ साधत नसेल तर सेटिंगमध्ये पॅरीची मुदत वाढवता येते. बिनधास्त वाढवा, हात बसला की परत कमी करा.