कोड बदलला, तरी चालतो जुनाच प्रोग्रॅम

लिनक्सवरच्या नोंदवहीच्या एका मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रोग्रॅममध्ये मला तारखेची मांडणी माझ्या सोयीची करायची होती. सी भाषेतली एकच ओळ बदलली. कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं 'मेक' बिनचूक झालं, तो संगणकावर बसवणारं 'सुडो मेक इन्स्टॉल'ही झालं. प्रोग्रॅम चालवला, तर तारीख जुनीच!

'मेक क्लीन'ने आधीचं बांधलेलं पुसून पुन्हा बांधलं. मुद्दाम एक 'प्रिंटएफ' (पडद्यावर मजकूर छापणारी आज्ञा) घातला, तोही दिसेना. तीन तास गेले, अगदी रडकुंडीला आलो. आज्ञेची फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या 'व्हिच'ला विचारलं, तर तो नवीच जागा दाखवी, /यूएसआर/लोकल/बिन. त्यामुळे संशय माझ्या कोडवरच राहिला.

कारण वेगळंच होतं. बॅश म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम. एकदा चालवलेल्या आज्ञेची जागा तो त्या खिडकीपुरती लक्षात ठेवतो. डिस्ट्रोसोबत (लिनक्सच्या तयार संचासोबत) आलेली जुनी प्रत /यूएसआर/बिनमध्ये होती आणि त्याच खिडकीत मी ती आधी चालवली होती. 'व्हिच' हा स्वतंत्र प्रोग्रॅम. तो पाथ (आज्ञा शोधायच्या जागांची यादी) नव्याने धुंडाळतो, बॅशची आठवण त्याला दिसत नाही.

त्याच खिडकीत आधी 'टाइप' ही आज्ञा आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहा. उत्तरात 'हॅश्ड' (म्हणजे लक्षात ठेवलेली) आणि जुनी जागा आली, तर दुखणं हेच. मग ती आठवण पुसायला 'हॅश -आर' चालवा (आर लहान लिपीतला). पुन्हा 'टाइप' करा; आता /यूएसआर/लोकल/बिन दिसायला हवं. मगच प्रोग्रॅम चालवा.

'हॅश्ड' न येता /यूएसआर/बिन आलं, तर पाथमधला क्रम तपासा. लोकलची जागा आधी हवी. जुनी प्रत हाताने पुसू नका, ती पॅकेज मॅनेजरची (डिस्ट्रोचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या व्यवस्थेची) आहे. पुढच्या अपडेटला परत येईल.