टीमने ड्राफ्टमध्ये पास रशर उचलला? बू करायच्या आधी हे वाचा

ज्यांनी हे अमेरिकन फुटबॉल आत्ता आत्ता बघायला घेतलंय त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पास रशर म्हणजे डिफेन्समधला असा गडी की ज्याचं मेन काम एकच, समोरच्या धिप्पाड टॅकलला (क्वार्टरबॅकची राखण करणारा गडी) चुकवून नाहीतर ढकलून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे बॉल फेकणाऱ्यापर्यंत, पोचायचं, आणि बॉल हातातून सुटायच्या आत त्याला आडवा केला की झाला सॅक (दोघांनी मिळून केला तर अर्धा-अर्धा). ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो, सात राउंड, कॉलेजची पोरं टीम एकेक करून उचलतात, त्या प्रत्येक निवडीला पिक म्हणतात. पहिला राउंड गुरुवारी रात्री, म्हणजे पुण्यात बसून बघणार असाल तर शुक्रवारी पहाटे साडेपाचचा गजर लावा आणि चहा आधीच टाकून ठेवा.

मी ह्यूस्टनवाला, टेक्सन्सचा फॅन. आमच्या टीमचे असे चार पिक मला नीट आठवतात आणि त्यातल्या तीन वेळा माझी रिअॅक्शन साफ चुकलीय, त्यामुळे ही गाइड लिहायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो.

पहिलं काम, पिक अनाउन्स झाला की फोन उलटा ठेवा. ग्रुपवर काही टाइप करू नका. २००६ मध्ये मी हे केलं नाही. आदल्या सीझनला आमचं रेकॉर्ड २-१४, म्हणजे दोन जिंकल्या चौदा हरल्या, आणि जी टीम सगळ्यात तळाला तिला पहिला नंबर, म्हणून पहिला पिक आमचा. अख्ख्या गावाला एकतर बॉल घेऊन पळणारा रेजी बुश हवा होता नाहीतर क्वार्टरबॅक विन्स यंग, आणि यंग तर ह्यूस्टनचाच पोरगा, जानेवारीत रोझ बोलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या फायनलमध्ये, टेक्सासकडून बुशच्या यूएससी कॉलेजला ४१-३८ हरवून आलेला. आणि टीमने ड्राफ्टच्या आदल्या रात्रीच सही कुणाची घेतली तर नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा मारिओ विल्यम्स, डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे पास रशरच! लोक एवढे पेटले की विचारू नका, मीही त्यात. वर यंगला घेतलं टायटन्सनी, म्हणजे आमचं गाव सोडून टेनेसीला गेलेली जुनी ऑयलर्स टीम, आणि डिसेंबरात त्याने आमच्याच स्टेडियममध्ये ओव्हरटाइमला ३९ यार्ड पळून आम्हाला हरवलं. मारिओचे पहिल्या वर्षी साडेचार सॅक. मी म्हटलं बघा, सांगत नव्हतो?

पुढच्या वर्षी त्याने १४ काढले, त्यानंतर १२. आणि यंग एनएफएलमध्ये, म्हणजे या प्रो लीगमध्ये, शेवटची मॅच खेळला २०११ च्या सीझनला. मी मात्र सांगत होतो ते सांगायचं बंद केलं.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे राग आपोआप थंड होतो. कॉलेजमध्ये पोरगा नुसत्या वेगावर पलीकडच्या वीस वर्षांच्या पोराला मागे टाकतो, एकच डाव पुरतो. इकडे समोर उभा असतो दीडशे किलोच्या आसपासचा, आठ-दहा वर्षं हेच करून पोट भरणारा बाप्या, तो पहिला डाव ओळखून बसलेला असतो. मग दुसरा डाव लागतो, पहिला फसला की लगेच लावायचा, आणि तो शिकायला वेळ जातो. काही पोरं पहिल्याच वर्षी दहा सॅक काढतात, नाही असं नाही, पण तो बोनस समजायचा.

दुसरं, जिममधल्या आकड्यांवर नाचू नका आणि कॉलेजच्या सॅकवर रडूही नका. २००८ ला जेट्सनी सहाव्या नंबरला व्हर्नन गोल्स्टन घेतला, ओहायो स्टेटचा, २२५ पाउंडाचा बार ३७ वेळा उचललेला, शरीर म्हणजे नुसता लोखंडी खांब. एनएफएलमध्ये एकूण सॅक किती? शून्य. तीन सीझन, शून्य. उलट डॅनिएल हंटर बघा, एलएसयू कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याचे सॅक होते फक्त दीड, व्हायकिंग्सनी २०१५ ला तिसऱ्या राउंडमध्ये घेतला तेव्हा दीड सॅकवाल्याला कशाला घेता असं कुणालाही वाटलं असतं, आणि त्याने पुढे २०१८ आणि २०१९ लागोपाठ साडेचौदा साडेचौदा काढले.

मग बघायचं काय? तर कॉलेजच्या मॅचचे व्हिडिओ लावा, हायलाइट्स नाही हं, पूर्ण मॅच, आवाज बंद, आणि बॉलकडे अजिबात बघू नका, हेच सगळ्यात अवघड आहे. बॉल हलल्याबरोबर आपला पोरगा लाइनवर पहिला उठतो का ते बघा. मग समोरच्या टॅकलचे पाय बघा, तो घाईघाईने मागे सरकत बाहेर वळायला लागला म्हणजे त्याला वेगाची धास्ती आहे. आणि मग वळण. इंग्रजीत याला बेंड म्हणतात, पण तुम्ही खो-खो खेळला असाल तर लगेच कळेल, खांबाशी वळताना चांगला खेळाडू कसा जवळजवळ जमिनीला टेकेल एवढा कलतो आणि तरी स्पीड सोडत नाही, तेच. उंच माणूस ताठ उभा राहून वळायला गेला की थेट क्वार्टरबॅकच्या मागून लांब निघून जातो, फुकट फेरी.

शेवटी हात बघा. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. २०११ चा ड्राफ्ट, ते कोल्हापूरहून आलेले, माझ्या शेजारी सोफ्यावर, गेमचं काहीच कळत नव्हतं पण बसले होते. अकराव्या नंबरला आमचा पिक, विस्कॉन्सिनचा जे. जे. वॉट. तिकडे स्टेडियममधल्या ड्राफ्ट पार्टीत लोकांनी बू केलं आणि इकडे घरात मी. सासरे म्हणाले, "जावईबापू, ह्याला खेळताना बघितलाय का तुम्ही?" मी म्हटलं नाही बाबा, पण... "मग वराडताय कशाला?" तेवढ्यात टीव्हीवर त्याच्या क्लिप्स लागल्या आणि ते पुढे सरकून बसले. "हात बघा त्याचे. समोरच्यानं धरायच्या आत मनगाट झटाकलं. आमच्या तालमीत वस्ताद हेच सांगायचे, धरू द्यायचंच न्हाई."

हा पोरगा आधी दुसऱ्या कॉलेजात टाइट एंड, म्हणजे ऑफेन्सचा गडी, होता, मधल्या काळात पिझ्झा पोचवत होता. पुढच्या जानेवारीत बेंगल्सविरुद्ध प्लेऑफमध्ये, म्हणजे नॉकआउट मॅचमध्ये, त्याने अगदी समोरून फेकलेला बॉल हवेतच पकडला आणि २९ यार्ड पळत टचडाउन केला, आमचा पहिलावहिला प्लेऑफ विजय. २०१२ ला साडेवीस सॅक. डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर तीन वेळा. मी सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, कोण वॉट?

तिसरं, राग कशाचा आलाय ते नीट वेगळं करा. पोरगा आवडला नाही हा एक राग आणि त्याच्यासाठी मोजलेली किंमत आवडली नाही हा दुसरा. २०२३ ला आम्ही दुसऱ्या नंबरला क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेतला आणि लगेच अॅरिझोनाशी ट्रेड करून तिसऱ्या नंबरला अलाबामाचा विल अँडरसन, त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक पण देऊन टाकला. पोटात गोळा आला होता, कारण आपण परत घाण खेळलो तर तो पिक टॉप पाचमध्ये जायचा. पण शहाणा झालो होतो, गप्प बसलो. टीमने डिव्हिजन, म्हणजे आपला चार टीमचा गट, जिंकली, पिक गेला २७ व्या नंबरला, आणि स्ट्राउड ऑफेन्सचा तर अँडरसन डिफेन्सचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांत सगळ्यात भारी.

आणि हो, शनिवारी पण जागे राहा. शनिवारी म्हणजे चौथा ते सातवा राउंड, सगळे तोपर्यंत कंटाळून झोपलेले असतात. २०१९ ला रेडर्सनी चौथ्या नंबरला क्लेमसनचा क्लेलिन फेरेल घेतला, इतक्या वर कशाला म्हणून बोंबाबोंब झाली, आणि शनिवारी १०६ व्या नंबरला ईस्टर्न मिशिगनचा मॅक्स क्रॉस्बी घेतला. पहिल्या वर्षी फेरेलचे साडेचार, क्रॉस्बीचे दहा. बोंबाबोंब बरोबर होती म्हणा इथे, ती पण कधीकधी बरोबर निघते.

आनंदाचंही हेच आहे बरं का. २०१४ ला आम्ही पहिल्या नंबरला जॅडेव्हियन क्लाउनी घेतला तेव्हा मी घरात नाचलो होतो. मिशिगनविरुद्धचा त्याचा तो हिट, रनरचं हेल्मेट उडून पडलं आणि याने एका हाताने बॉल उचलला, मी पन्नास वेळा बघितला असेल आणि त्या एका हिटवर सगळं ठरवलं. पहिल्याच मॅचमध्ये गुडघा गेला. पुढे चांगला खेळला, तीनदा प्रो बोलला, म्हणजे लीगच्या स्टार खेळाडूंमध्ये, निवडला गेला, पण एका सीझनला दहा सॅक त्याला कधी जमले नाहीत, साडेनऊवर गाडी अडायची.

त्यामुळे जर्सी घ्यायची घाई करू नका, निदान दोन सीझन. आणि बू करायची खुमखुमी असेलच तर पहिल्या राउंडला कमिशनर रॉजर गुडेल स्टेजवर येतो तेव्हा उरकून घ्या, त्याला दरवर्षी सगळेच करतात. माझी ९० नंबरची क्लाउनी जर्सी अजून आहे, गॅरेज साफ करताना घालतो, कापड चांगलं आहे.