जीपीएस घेऊन गोव्यात येताय? या चुका टाळा

हातातला जीपीएस ‘बिघडला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा सेटिंग तरी चुकलेली असते, नाहीतर तो भलत्या जागी चालू केलेला असतो. सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र सेटिंगची नाही. साधा जीपीएस उपग्रहांचे सिग्नल फक्त घेतो. गार्मिन इनरीचसारखी उपकरणं उपग्रहामार्फत मेसेज पाठवतात, आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात बाळगता येत नाहीत. हँडबॅगेत नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातच परदेशी प्रवाशांना विमानतळावर जीपीएस उपकरणांवरून अडवलं होतं. ट्रेकिंगवेडा भाचा परदेशातून येणार असेल तर त्याला आधीच फोन करून विचारा, सॅकला एसओएस बटणाचं काही लटकलंय का.

विमानात सिग्नल मिळत नाही, ही नेहमीची तक्रार. विमानाचं अंग धातूचं, त्यामुळे आकाश दिसतं ते खिडकीपुरतं. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला प्रत्येक उपग्रहाकडून सलग तीसेक सेकंद माहिती लागते आणि ती सारखी तुटते. म्हणून टर्मिनलमध्ये शिरण्याआधी उघड्यावर एकदा लोकेशन पकडू द्या. मग हवेत, खिडकीशी धरल्यावर ते लवकर सापडतं. टेकऑफ-लँडिंगला बंद ठेवा, एरवीही केबिन क्रूला विचारूनच चालू करा.

विमान ३५,००० फुटांवर आणि यंत्र दाखवतंय ७,०००? यंत्रातला बॅरोमीटर केबिनमधल्या हवेच्या दाबावरून उंची काढतोय, त्याचं काही चुकलेलं नाही. उपग्रहावरून काढलेली उंची वेगळ्या पानावर असते, ती बघा.

आता रस्ता. ‘गोवा विमानतळ’ एवढंच टाकू नका. विमानतळ दोन आहेत: दाबोळी वास्कोजवळ, मोपा पेडण्यात, आणि मोपाहून उड्डाणं जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधीचा नकाशा तुम्हाला डोळे मिटून दाबोळीला नेणार. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी.

कोऑर्डिनेट्सचा, म्हणजे अक्षांश-रेखांशांचा घोळ याहून फसवा, कारण यंत्र तक्रारच करत नाही. दूधसागर साधारण १५.३१ अंश उत्तर, ७४.३१ अंश पूर्व. हेच आकडे १५ अंश ३१ मिनिटं, ७४ अंश ३१ मिनिटं असे भरले, तर खूण तीसेक किलोमीटर सरकून कर्नाटकात, लोंढ्याच्या आसपास पडते. आधी फॉरमॅट बघा, मग आकडे भरा.

रायबंदरहून चोडणला यंत्र सरळ फेरीबोटीने नेतं. धक्क्यावरची रांग त्याला ठाऊक नसते. घाई असेल तर ‘फेरी टाळा’ लावा. पण दिवाडीला जाताना तीच सेटिंग अंगाशी येते. बेटावर पूल नाही, मग काही यंत्रं ‘मार्ग सापडत नाही’ म्हणून मोकळी होतात. रीसेट-बिसेट करत बसू नका, फेरी परत चालू करा.