५० मीटर रायफलची ॲक्शन निवडताना या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून बालेवाडीच्या रेंजवर एअर रायफलवरून .२२ काडतुसाच्या रायफलीकडे वळणारी मुलं आणि त्यांचे आईवडील मला हटकून विचारतात, "ॲक्शन कोणती घ्यायची?" ॲक्शन म्हणजे काडतूस आत घेणारा, उडवणारा आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणारा रायफलीचा मधला भाग; हाताने उघडायचा बोल्ट हा त्याचाच.

बहुतेकांच्या डोक्यात परदेशी व्हिडिओंमधली 'कस्टम ॲक्शन' बसलेली असते. तिकडे १९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या मापाची ॲक्शन घेतात आणि तिला हवी ती बॅरल, दस्ता, ट्रिगर जोडतात. पण ते जग मुख्यतः मोठ्या काडतुसांचं, लांब पल्ल्याचं. आपला खेळ .२२ रिमफायरचा, म्हणजे कडेवर पिन आपटून उडणाऱ्या छोट्या काडतुसाचा. शिवाय रायफल जुळवणं, बदलणं, दुरुस्त करणं हे आपल्याकडे कायद्याने परवानाधारक कारागिराचंच काम आहे. तेव्हा सुटे भाग मागवून घरी रायफल बांधायचा विचार मनातून काढून टाका. आधी परवाना, मग पसंती.

मॅगझिनवर (गोळ्या भरून ठेवायच्या डबीवर) भाळू नका. ५० मीटरला प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते, त्यामुळे मॅगझिनचा काही उपयोग नाही. उलट, जिच्या पोटाला मॅगझिनची खाच नाही अशी सिंगल लोड ॲक्शन जास्त ताठ राहते.

सगळ्यात महागात पडते ती दुकानात उभ्याउभ्या केलेली निवड. मुलगी उजव्या हाताने लिहिते म्हणून उजवा बोल्ट घेतात, आणि तिचा प्रबळ डोळा (नेम धरताना मेंदू ज्यावर जास्त भिस्त ठेवतो तो) डावा असल्याचं वर्षभराने कळतं. म्हणून आधी डोळा तपासा. मग कोचच्या देखरेखीखाली, ओळखीच्या नेमबाजाच्या रायफलीवर तिला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपवा, रायफलीला हात बांधणारा पट्टा ताणू द्या आणि वीस गोळ्या भरून मारू द्या. बोल्ट उघडताना गाल उचलला जातो का? कोपर सरकतं का? ९० मिनिटांत तीन पोझिशनमध्ये ६० गोळ्या मारायच्या असतात; दर गोळीला शरीर हललं तर साठ वेळा नव्याने जुळवावं लागतं. हाताला सहज पोचणारा, मऊ उचलला जाणारा बोल्ट माझ्या मते नावाजलेल्या शिक्क्यापेक्षा मोलाचा.

रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या पोकळीवर) ट्रिगर ओढून ॲक्शन 'तपासू' नका. रिमफायरची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेला खोक पाडू शकते. मग काडतूस आत जाताना आणि बाहेर येताना अडकतं. ड्राय फायरची, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढण्याची, सोय आहे का, हे त्या रायफलीच्या पुस्तिकेत आधी बघा.

एकाच डब्यातल्या गोळ्यांवरून ॲक्शनला नावं ठेवणंही चूकच. दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, आणि एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही (एका वेळी बनवलेल्या गोळ्यांच्या खेपांमध्ये) ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, बदलतो. चार-पाच लॉट मारून बघा, जमलेल्या लॉटचा नंबर लिहून ठेवा आणि परवान्यावर बसतील तेवढ्या गोळ्या त्याच लॉटच्या घ्या.

ग्रुप अचानक फुटला तर? एका पावसाळ्यात मी तीन आठवडे बोल्टला दोष दिला. शेवटी दस्त्याचा मागचा स्क्रू सैल निघाला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच कसणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या मापाला कसायचे, मग साइटचे स्क्रू, मग लॉट, मग बॅरलची सफाई. बोल्ट जड उचलला जात असेल तर त्याच्या घासणाऱ्या भागाचं ग्रीस वाळलंय का बघा. रिकामी पुंगळी आत राहत असेल तर चेंबरच्या तोंडाशी गोळीवरचं मेण आणि काजळी साचली असेल. तिथे स्वच्छ करूनही भागलं नाही तर पुंगळी ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, कारागिराला दाखवा. काडतूस उडालंच नाही तर घाईने बोल्ट उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबा आणि रेंज ऑफिसरला सांगा.

पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये रेंजवरून आल्यावर रायफल फोमच्या पेटीत तशीच बंद ठेवू नका. फोम दमटपणा धरून ठेवतो आणि गंज बोल्टच्या खाचेत, जिथे नजर जात नाही तिथे, आधी धरतो. पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि मगच कुलूपबंद कपाटात ठेवा.